मदत थांबल्यावरची चूल

या अंकाच्या संपादकबाईंनी फोन केला, "अक्का, तुमच्या कामाबद्दल लिहा काहीतरी." मी विचारलं, कुठल्या कामाबद्दल? सुरू करायच्या की बंद करायच्या? त्या हसल्या. त्यांना वाटलं, म्हातारी गंमत करते. पण मी खरंच विचारलं होतं. परदेशी मदतीवर चालणाऱ्या संस्थेत माझी सगळी उमेदीची वर्षं गेली, आणि त्यातली निम्मी कामं बंद करण्यात गेली. सुरू करायला साहेब लोक यायचे. नारळ फुटायचा, फीत कापायचे, पेपरात फोटो यायचा. बंद करायला मला पाठवायचे. एसटीनं जायचं, बायकांना गोळा करायचं, चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलायचं आणि मग सांगायचं, की बायांनो, मार्चनंतर आपलं काम थांबणार. असं सांगायला कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. मी तर कॉलेज बघितलेलंच नाही. नांदेडला जुन्या गावात वाढले, सातवीनंतर लग्न झालं. इंग्रजी शिकले ते संस्थेचे कागद वाचून. त्यामुळे मला 'सविनय सादर' इंग्रजीत येतं, पण भाजी आणायची इंग्रजी येत नाही.

आमचा धंदा कसा चालतो ते आधी सांगते. धंदा म्हटलेलं आमच्या साहेबांना आवडायचं नाही, पण बाहेरच्यांना त्याशिवाय कळत नाही. कुठंतरी लांबच्या देशात लोक चर्चमध्ये, शाळेत, दुकानाच्या गल्ल्यावर पैसे टाकतात. तिथलं सरकारही काही घालतं. तो पैसा तिथल्या मोठ्या संस्थेकडं येतो, तिथून दिल्ली-मुंबईच्या कचेरीत, तिथून आमच्या लातूरच्या कचेरीत, आणि शेवटी एखाद्या गावातल्या बाईच्या ताटात. मधे इतके हात, की प्रत्येकाला वाटतं आपणच देतोय. देणाऱ्याच्या मनात तुमचं दुःख ताजं असेपर्यंत पैसा येतो. त्याच्या देशात निवडणूक झाली, तिथं महागाई वाढली, नाहीतर दुसरीकडं मोठं संकट आलं, की इकडचा नळ बारीक होतो. यात कुणी वाईट नसतं. फक्त नळाची चावी आपल्या गावात नसते, एवढंच.

मी या कामात आले भूकंपामुळं. त्या वर्षी गणपती बोळवून लोक झोपले ते उठलेच नाहीत, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. ते मी परत लिहीत नाही. नांदेडहून आम्ही बायका भाकरी बांधून निघालो होतो. दोन दिवसांत परत येऊ असं घरी सांगून गेले, आणि राहिलेच. मला थोडी तेलुगू येत होती, मोडकी हिंदी येत होती, आणि मुख्य म्हणजे मला कुणाशीही बोलायला लाज वाटत नव्हती. परदेशी डॉक्टर-नर्सांना अशीच बाई पाहिजे होती. तेव्हापासून मी सगळ्यांची अक्का.

त्या दिवसांत आलेल्या मदतीचे किस्से सांगायचे तर वेगळा अंक काढावा लागेल. एका गठ्ठ्यातून लोकरीचे ओव्हरकोट निघाले. लातूरला! दुसऱ्यातून गळ्याचे टाय निघाले, रेशमी, रंगीत. आमच्या बायकांनी त्यांच्या नाड्या केल्या, आणि एका आजोबांनी वगारीला बांधायला घेतला. लाल ठिपक्यांचा टाय घातलेली म्हशीची वगार मी डोळ्यांनी बघितली आहे. एका ठिकाणी गोल घुमटासारखी घरं बांधून दिली, पुन्हा भूकंप झाला तरी पडू नयेत म्हणून. चांगली मजबूत घरं. पण गोल भिंतीला कपाट लागेना, बाज लागेना, धान्याची कणगी मधोमध ठेवावी लागायची. तिथली म्हातारी मला म्हणाली, "पोरी, घर पडणार न्हाई हे खरं, पण मी कोपऱ्यात बसून रडू कुठं? कोपराच न्हाई की."

हसू येतं आता. पण देणाऱ्यानं मनापासून दिलं होतं, तेही सांगायला पाहिजे.

मी जे सांगायला बसले ते एका चुलीचं आहे. औसा तालुक्यात एका गावात, गावाचं नाव राहू द्या, भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही स्वयंपाकघर सुरू केलं. आधी सगळ्या गावासाठी होतं. घरं उभी राहिली तशी मोठी माणसं आपापल्या चुलीवर गेली, आणि शेडमध्ये लहान लेकरांचं जेवण राहिलं. बालवाडी, दुपारचं जेवण, बाळंतिणींना खुराक. ते चालवायच्या दोघीजणी, शेवंता आणि महानंदा.

शेवंता कांबळे बौद्धवाड्यातली. भूकंपात तिचा नवरा गेला आणि पाळण्यातली मुलगी गेली. बोलायची कमी, पण बोलली की समोरच्याला उत्तर सापडायचं नाही. हाताला अशी चव, की परदेशी नर्स तिचं पिठलं डब्यात घालून लातूरला न्यायची. महानंदा लिंगायतांची, घरची थोडी शेती, नवरा शांत, स्वतः मात्र बोलून बोलून कुकरची शिट्टी दाबून टाकणारी. एरवी या दोघी एका चुलीशी बसल्या नसत्या. पण सगळं गाव एकाच पत्र्याखाली झोपत होतं तेव्हा कोण कुणाच्या हातचं खातं हे विचारायला कुणाला फुरसत नव्हती. पुढं घरं झाली, भिंती आल्या, भिंतींबरोबर जुनं सगळं परत आलं. शेडमधली चूल तेवढी तशीच राहिली. सुरुवातीला काही घरांतून कुरकुर झाली, की कांबळेबाईच्या हातचं आमची लेकरं खाणार नाहीत. महानंदा त्यांच्याच ओसरीत उभी राहून म्हणाली, "मग उपाशी ठेवा. आमचं काय जातंय?" दोन-चार दिवसांत लेकरं आपणच पळत आली.

असं दहा-बारा वर्षं चाललं. मग कचेरीत बोलणं सुरू झालं. त्या वर्षी दुसऱ्या देशांत समुद्र गावांत शिरला होता, टीव्हीवर रोज तेच. मोठ्या कचेरीतले साहेब मला म्हणाले, "अक्का, तुमचा भूकंप आता जुना झाला." वाईट हेतूनं नाही म्हणाले, खरं तेच म्हणाले. मराठवाड्यातला हात आखडता घ्यायचा ठरत होतं. कुठलं काम ठेवायचं आणि कुठलं सोडायचं हे बघायला परदेशातून एक मोठ्या मॅडम येणार होत्या.

मी आधी जाऊन बायकांना नीट समजावून सांगितलं. म्हटलं, मॅडम विचारतील काय पाहिजे, तर मोकळेपणानं सांगा. पत्रा गळतो ते दाखवा. शेवंताला दुसरा आधार नाही ते सांगा. चूल बंद झाली तर किती लेकरं दुपारची उपाशी राहतील ते सांगा. सगळ्या माना डोलावत होत्या. "हाव अक्का, हाव."

आणि मॅडमना घेऊन मी गेले तर काय बघते! शेडसमोर सडा-सारवण, ही मोठी रांगोळी. गळत्या पत्र्याखाली कुणाच्या तरी लग्नातला शामियान्याचं कापड ताणलेलं, म्हणजे गळतं ते दिसू नये. बायका ठेवणीतल्या इरकलीत. महानंदाच्या गळ्यात बोरमाळ, शेवंताच्याही गळ्यात पोत. दोन्ही उसन्या, हे मला माहीत. आत पुरणपोळीचा वास. मॅडमना ओवाळलं, कुंकू लावलं, नारळ-खण दिला. बाई चांगली होती हो, डोळ्यांत पाणी आलं तिच्या.

जेवणं झाल्यावर तिनं वही काढली आणि माझ्यामार्फत विचारलं, की तुम्हाला कशाची गरज आहे?

महानंदा उठून उभी राहिली. मी तिच्याकडं डोळे वटारून बघतेय, पत्र्याकडं खूण करतेय. ती म्हणाली, "काही नको बाई. तुमच्या आशीर्वादानं सगळं हाय. तुम्ही एवढ्या लांबून आलात, आमचं गाव पवित्र झालं. आणखी एक पोळी घ्या."

"शेवंता, तू तरी बोल," मी दबक्या आवाजात म्हटलं.

शेवंता म्हणाली, "बरोबर बोलली की ती."

मी जसंच्या तसं भाषांतर केलं. ते माझं काम होतं. मॅडमनी खुशीत लिहून घेतलं.

मॅडमची गाडी गेल्यावर मी बोलायला लागले ती थांबेचना. तुम्हाला सांगितलं काय, केलं काय! महानंदा शांतपणे म्हणाली, "अक्का, पाहुणी दारात आली, पहिल्यांदा आली. तिचा जेवलेला हात वाळायच्या आत आमचं रडगाणं लावावं? अन् मागावं? उंबऱ्यात पाहुण्याला मागतात व्हय कुणी?"

"ती पाहुणी नव्हती गं. ती तपासायला आली होती."

"कपाळाला कुंकू लावलं म्हंजे पाहुणीच की."

माझ्या आईनंही तेच केलं असतं.

काही महिन्यांनी निर्णय आला. गाव आता आपल्या पायावर उभं आहे, असं त्यात होतं. बायकांचा आत्मविश्वास, बायकांचे कपडे, बायकांचा पाहुणचार, सगळ्याचं कौतुक होतं. मी आजही सांगते, त्या दिवशी फाटकी लुगडी नेसून छाती बडवून घेतली असती तरी पैसा जाणारच होता. समुद्र मोठा होता. पण गावाला तसं वाटलं नाही. गावाला वाटलं, बोरमाळेनं घात केला. शेवंता हसून म्हणाली, "अक्का, मॅडमला कळवा की पोत उसनी होती म्हणून. पायजे तर जिची हाय तिला घेऊन जाते."

मग माझं नेहमीचं काम सुरू झालं. आमच्यात बंद करणं म्हणत नाहीत, 'हस्तांतरण' म्हणतात. म्हणजे आतापर्यंत आम्ही चालवलं, आता ज्यांचं आहे त्यांनी चालवावं. बालवाडी सरकारी अंगणवाडीत गेली, म्हणजे लेकरांचं जेवण तरी कसंबसं सुरू राहिलं. तिथं मदतनीस आधीच नेमलेली होती. राहिल्या या दोघी आणि शेडमधली मोठाली भांडी. भांड्यांवर गावातल्या पुढाऱ्यांचा डोळा होता, लग्नकार्याला बरी म्हणून. मी कचेरीशी भांडून ती दोघींच्या नावावर करून घेतली. शेवटचा एक लहानसा हप्ताही त्यांना मिळाला, काहीतरी सुरू करायला.

महानंदाचं काय, शेती होती. शेवंताचा प्रश्न होता. तिचा भाऊ हैदराबादला बांधकामावर होता. तो घ्यायला आला. "इथं काय हाय तुझं? चल. वाळू चाळायला बाई पायजेच हाय." शेवंता मला म्हणाली, "अक्का, माझी माणसं ह्या मातीत हायत. मी वाळू चाळायला जाईन, मला कामाची लाज न्हाई. पण तिथं मला कोण ओळखतंय? इथं लोक म्हणतात, शेवंताच्या हातचं खाल्लं. तिथं मी नुसती एक वाळूची पाटी." आणि वर म्हणाली, "सहा महिने बघते. चूल पेटली तर राहते, न्हाई तर जाते."

वाट दाखवली महानंदाच्या भाचीनं. ती अकरावीला लातूरला आली होती. ते दिवस लातूरच्या क्लासेसचे. बोर्डात नंबर काढणारी पोरं, मेडिकलची सीईटी, आणि नांदेड, परभणी, बीड, कुठकुठून आलेल्या पोरापोरींनी भरलेल्या गल्ल्या. ज्यांच्याकडं एक जास्तीची खोली त्यांनी कॉट टाकून पोरं ठेवली, गोठा होता त्यांनी गोठ्यात फरशी बसवली. या पोरांचं सकाळी फिजिक्स, दुपारी केमिस्ट्री, संध्याकाळी बायोलॉजी, आणि मधल्या चिमूटभर वेळात जेवण. भाची सुट्टीला आली ती वाळून काटकी झालेली. "मावशी, मेसच्या वरणात बघितलं तर तोंड दिसतं," म्हणाली.

महानंदा दुसऱ्याच दिवशी माझ्या कचेरीत. "अक्का, लेकरं गावातलीच उपाशी असतात असं थोडंच हाय?"

क्लासेसच्या भागात मागच्या गल्लीत एक जुनं घर भाड्यानं मिळालं. समोर मोठी खोली, चूल म्हणजे आता गॅसची शेगडी, तिथंच एका बाजूला. मुलींसाठी मेस. शेवंतानं अट घातली होती, शेगडी समोर पाहिजे, जेवणारीला शिजवणारी दिसली पाहिजे. महानंदानं भिंतीवर बसवेश्वरांचा फोटो लावला, शेवंतानं त्याच्या शेजारी बाबासाहेबांचा. मेसला एक मोबाइल घेतला, पालकांना फोन करता यावा म्हणून. तो महानंदानं नाडीला बांधून गळ्यात घातला होता. वाजला की ती आधी दचकायची, मग ओरडून बोलायची, जसं काही नांदेडपर्यंत आवाज तिलाच पोचवायचाय.

जूनमध्ये पालक यायला लागले. लातूरला ही रीतच, पालक आधी क्लास बघतात, मग खोली, मग मेस. खोलीत पंखा फिरवून बघतात आणि मेसमध्ये स्वयंपाकघरात डोकावतात. मी पहिले काही दिवस तिथंच होते. कचेरीचा हुकूम नव्हता, पण मला राहवलं नाही.

देगलूरकडचे एक गुरुजी आले, मुलीला घेऊन. मुलगी प्रणिता, दोन वेण्या, हातात वॉटरबॅग. गुरुजी नम्र माणूस. त्यांना तेल कुठलं, पाणी कुठलं, सगळं महानंदानं सांगितलं. त्यांना पसंत पडलेलं चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्यांची नजर भिंतीवर गेली. एक फोटो बघितला, दुसरा बघितला, मग शेगडीशी बसलेल्या शेवंताकडं बघितलं. आडनाव विचारायची गरजच उरली नाही. हळू आवाजात महानंदाला म्हणाले, "स्वयंपाक तुम्हीच करता ना, ताई?"

"भाजी, भाकरी ती करते. पोळ्या आम्ही दोघी."

"तसं नाही... माझं काही नाही हो. घरी म्हातारी आई आहे, ती पाळते. विचार करून सांगतो."

प्रणिता म्हणाली, "बाबा, वास किती छान येतोय." गुरुजींनी तिचा हात धरला आणि ते गेले. त्यांचा विचार काही झाला नाही.

असे आणखी काही आले आणि विचार करायला गेले. सगळेच तसे नव्हते, हेही लिहिते. कुणी सरळ म्हणाले, आमच्या पोरीला पोटभर घाला म्हणजे झालं. पण शेजारच्या मेसच्या बाहेर चपलांचा ढीग आणि आमच्याकडं मोजक्या जोड्या. गॅस, भाडं, किराणा, कशाचाच मेळ बसेना.

घरमालक काका भले गृहस्थ होते. एका दुपारी येऊन बसले. म्हणाले, "अक्का, तुम्ही समजदार आहात म्हणून बोलतो. तो एक फोटो आतल्या खोलीत लावा. कांबळेबाईंना महिनाभर मागं भांड्याला बसवा, स्वयंपाक खुशाल मागं करू द्या, समोर या ताईंनी वाढावं. एकदा पोरी लागल्या की कोण विचारतंय? मला काही नाही, माझं भाडं मला मिळतंय. तुमच्या भल्यासाठी सांगतो."

आतून भांड्याचा आवाज थांबला. शेवंता बाहेर आली. स्टूल घेतलं, भिंतीशी ठेवलं, वर चढून फोटो खिळ्यावरून काढला आणि पदरानं पुसला. महानंदाला वाटलं, ती आतल्या खोलीत नेणार. पण शेवंतानं तो आपल्या कपड्यांच्या पिशवीत ठेवला.

"काय करायलीस?" महानंदा.

"भाऊ गुरुवारी यायलाय. जाते त्याच्यासंगं. तुझं चांगलं चालू दे."

"अन् भाकरी कोण करंल?"

"तू कर."

"मी? माझी भाकरी बघितलीस व्हय कधी? कडंला फाटती, मधी कच्ची राहती. बारा वर्षं तूच म्हणतीस न्हवं, महानंदा तू नुसती बोल, हात लावू नको!"

"शीक मग."

"आता शिकू? ह्या वयात?" महानंदाचा आवाज चढला, मग एकदम फुटला. "शेवंते, शेडात पावसात माझं लेकरू तापानं फणफणलं तवा तू मांडीवर घेऊन बसलीस. तवा तुला मागं बसवलं न्हाई मी. आता चार चपलांसाठी बसवू? काका, तुम्ही चहा घ्या अन् घरी जा. तुमचं भाडं मी हातातली पाटली मोडून देईन, ही काय बोरमाळेसारखी उसनी न्हाई, माझी सोताची."

काका चहा न घेताच गेले. पण पुढच्या महिन्यात भाड्यासाठी त्यांनी घाई केली नाही, तेही खरं.

महानंदानं पिशवीतून फोटो काढला, खिळ्यावर लावला. वाकडा लागला. शेवंता खालून म्हणाली, "डावीकडं. अजून थोडा. झालं, उतर आता, पडशील."

भाऊ गुरुवारी आला, जेवला, आणि एकटाच गेला. पण शेवंतानं दिलेले सहा महिने संपत आले होते, आणि मनातून आम्हा तिघींनाही माहीत होतं की एवढ्या थोड्या पोरींवर मेस टिकणार नाही. परदेशातून आता काही येणार नव्हतं. मला पुढच्या कामाचा निरोप आला होता, धर्माबादकडं एक पाण्याचा प्रकल्प बंद करायला.

तोडगा शेवंतानं काढला, आणि तो कुठल्या प्रशिक्षणात कुणी शिकवला नव्हता. लातूरच्या मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात. सगळ्याच. दुपारी काहीतरी गोडधोड देतात आणि संध्याकाळी कुलूप. पोरी त्या दिवशी बिस्किटं खातात, वडापाव खातात, नाहीतर खोलीत चोरून शेगडीवर मॅगी. पैसे संपलेल्या नुसतं पाणी पिऊन झोपतात. आणि सोमवारी सकाळी क्लासची परीक्षा. शेवंता म्हणाली, "आपण रविवारी चालू ठेवू. जिची मेस कुठंबी असो, रविवारी इथं पिठलं-भाकरी, ठेचा, अन् गरम भात. महिन्याचं बंधन न्हाई."

"आपल्याला सुट्टी कधी गं?" महानंदा.

"तुला सुट्टी काय करायची? झोपेतबी बोलतीस."

पहिल्या रविवारी थोड्या आल्या. दुसऱ्या रविवारी त्यांनी मैत्रिणी आणल्या. तिसऱ्याला मी धर्माबादला जायच्या आधी निरोप घ्यायला गेले, तर गल्लीत चपला मावत नव्हत्या. पोरी दारात ओळीनं उभ्या, हातात फॉर्म्युल्यांच्या चिठ्ठ्या, पाठांतर चाललेलं. मी वाढायला लागले. महानंदा भात उपसत होती. शेवंता भाकरी थापत होती, समोर, सगळ्यांना दिसेल अशी.

रांगेत प्रणिता होती. मी ओळखलं. वेण्या तशाच, तोंड मात्र उतरलेलं. तिनं मला ओळखलं आणि मान खाली घातली. तिची पाळी आली तशी ती शेवंताजवळ वाकून म्हणाली, "काकू, मी इथं आलेलं बाबांना सांगू नका हं. मी आधीपण दोनदा आले होते, मागं बसले होते."

शेवंताचा हात थांबला. परातीतलं पीठ तसंच राहिलं. मला वाटलं, ती म्हणेल, बस बाळा, कोण सांगतंय. मी तेच म्हटलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं.

शेवंता म्हणाली, "चोरून जेवायचं असंल तर माझ्याकडं न्हाई, बाई. भूक काय चोरी हाय? ए महानंदा, फोन दे हिला. बापाला सांग, अन् मग बस."

महानंदानं नाडीसकट मोबाइल गळ्यातून काढला. प्रणिता रडवेली झाली. मी शेवंताच्या कानाशी म्हटलं, "अगं, लेकरू आहे. उपाशी जाईल."

"उपाशी न्हाई पाठवणार. पण विचारू दे." मग तिचा आवाज खाली आला. "अक्का, ती लपून आली तर मीबी लपलेलीच झाले की."

प्रणितानं नंबर लावला. "बाबा, मी... हो, अभ्यास झाला. बाबा, आज रविवार आहे ना, आमची मेस बंद असते. मी त्या... त्या दिवशी आपण बघितली होती ना, त्या मेसमध्ये आलेय. हो. तीच. त्याच काकू." मग ती बराच वेळ ऐकत राहिली. आम्हाला तिकडचं काही ऐकू येत नव्हतं. शेवंता पिठाच्या गोळ्याकडं बघत बसली होती, आणि मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं, की तीही घाबरलेली आहे.

"हो बाबा," प्रणिता म्हणाली. "भूक लागलीय." पुन्हा ऐकलं. "हो. ठेवते."

तिनं मोबाइल महानंदाला दिला. नाक पुसलं. मोरीवर जाऊन हात धुतले आणि पहिल्या ओळीत, शेगडीच्या अगदी समोर, पाट ओढून बसली.

गुरुजी काय म्हणाले ते तिनं सांगितलं नाही. शेवंतानं विचारलंही नाही. तव्यावरची भाकरी फुगली होती, ती उलथण्यानं उचलून तिच्या ताटावर धरली आणि म्हणाली, "एक का दोन?"

"दोन," प्रणिता म्हणाली.